फुकटातलं फंक

दिवसभर हिंजवडीच्या आयटी कंपनीत डोळे शिणवून आलेला उत्तरेश्वर संध्याकाळी नेटवरचे फुकटातले फंक सँपल पॅक, म्हणजे फंक संगीताचे आयते वाजवलेले तुकडे, ऐकत बसे. कुणाचा ड्रम पोकळ, कुणाचा बास निर्जीव. सुपात पाखडावेत तसे तुकडे निवडून त्याने आयुष्यातलं पहिलं स्वतःचं गाणं जुळवलं आणि नेटवर टाकलं.

दुसऱ्याच दिवशी साइटने त्यातले ते सगळे तुकडे मुके करून टाकले. तेच फुकटातले तुकडे वापरून दुसऱ्या कुणीतरी त्यांच्यावर आधीच हक्क नोंदवला होता.

"मग आता तुमचं असं काय उरलं त्यात?" त्याच्या बायकोने, जयाने विचारलं.

त्याने थकल्या हाताने गाणं लावलं. मुक्या केलेल्या तुकड्यांच्या जागी नुसती शांतता.

मग, वाद्यं थांबायची त्या जागी, चुकून माइकमध्ये शिरलेला आणि त्याने मुद्दाम ठेवलेला तिचाच आवाज आला, "अहो, ताट वाढलंय, या ना."