माडावरचा वेळ

“कोणाक खरां वाटूचां नाय, पण मी वर पाचच मिनटां होतंय!” माडावरून उतरल्या उतरल्या आंतोनने जाहीर केलं.

माड लवूचा. तो खाली मोबाईल हातात धरून येरझाऱ्या घालत होता. “साडेनवाक चढलस, आता पावणेअकरा झाले. आणि पाडलस किती? तीन नारळ! फुडल्या खेपेक सत्यवानाक बोलवतंय. तो मशीन लावून चढता. धा मिनटात माड रिकामो.”

आचऱ्यातल्या लवूच्या चाळीस माडांचे नारळ आंतोन तरणा असल्यापासून पाडत आला होता. आज शेंड्याशी पोचला, खाली पाहिलं आणि झावळांत हात खुपसून, डोळे मिटून, तो खोडाला बिलगून राहिला. माड हलत होता, खाली समुद्र हलत होता. पण हे लवूला सांगायचं म्हणजे कोयता आपल्याच हाताने सत्यवानाला देऊन टाकायचा.

“मशीन वेळाक काय करतलां?” आंतोन या पायावरून त्या पायावर झाला. “वेळाचीच भानगड आसा. माझ्या रिशेलाक विचार. पुण्यात ती अणूचां घड्याळ करता. एकच अणू, सुंगटा-कोळंबीसारखो उजेडाच्या जाळ्यात धरून ठेवतत. तशी दोन घड्याळां केली आणि एक वीतभर वर ठेवलां. तर दोघांचो वेळ जुळाक तयार नाय! वीतभरान ह्यां, आणि तुझो माड साठ फूट! मंगेशाच्या माडावर चढलंय तेव्हा तेच्या झिलाचां लगीन ठरत होतां. उतारलंय तर बारसां!”

लवूला हसू फुटलं. ते दाबत तो रिशेलकडे वळला. ती कालच रजेवर घरी आली होती, आणि आता बापासाठी चहा घेऊन माडाखाली उभी होती.

“खरां गो?”

लवूच्या पाठून आंतोनने लेकीला खूण केली, नुसती मान हलव.

रिशेलने मान हलवली. “घड्याळाचां खरां, काका.”

“बघ!” आंतोन म्हणाला.

“पण वरचां घड्याळ फुडे धावता.” तिची नजर बापाच्या खरचटलेल्या छातीवर गेली. तिने चहा त्याच्या हातात दिला. “फरक तुमच्या मोबाईलार दिसूचो नाय इतको बारीक, पण आसा तो उलटो, पप्पा. आमका हय सवा तास, तर तुका वर सवा तासापेक्षा जास्तच. तो सगळो वेळ तू किती भियालस?”