जो ओरडेल त्याला आधी

"आणखी कुणाचं देणं आहे का?" कर्जसल्ला केंद्रातल्या बाईंनी पुन्हा विचारलं.

"नाही," सोफेवाला म्हणाला, आणि त्याच्या खिशातला फोन परत थरथरला. सकाळपासून हेच चाललं होतं. कार्डवाले, बँकवाले, मोबाइलवरून झटपट कर्ज देणारे. एकाला कसंबसं वाटेला लावावं तर दुसरा हजर. शेजारच्या खुर्चीत त्याची ताई मांडीवरची पर्स घट्ट धरून बसली होती. एका दवाखान्यात काउंटरवर नोकरीला होती ती. आज रजा टाकून आली होती. एकटा जाऊ नकोस, मीही येते, असा हट्टच धरला होता तिने.

बाईंनी योजना समजावून सांगितली. सगळी कर्जं केंद्राकडे सोपवायची आणि महिन्याला एकच हप्ता भरायचा. तो सगळ्यांना वाटणं, व्याज कमी करून घेणं, त्या लोकांशी डोकं लावणं हे केंद्राचं काम. मात्र कार्ड कापून टाकायचं, नवं कर्ज घ्यायचं नाही आणि एकही देणं लपवायचं नाही. हे नको असेल तर आपलं आपण फेडायचं. कुणाची जबरदस्ती नव्हती.

"आजवर कसं फेडत होतात?"

"जमेल तसं," तो म्हणाला. मग म्हटलं, आता लाज कसली, आणि त्याने खरं ते सांगून टाकलं. दुकानात तो लोकांचे सोफे दुरुस्त करायचा त्याच पद्धतीने. कुणाचा सोफा आधी आला याच्याशी त्याचा काही संबंधच नसायचा. जो दारात येऊन तमाशा करेल त्याचा सोफा आधी. बिचारी गरीब स्वभावाची गिऱ्हाइकं महिनोन्‌महिने घरी जमिनीवर बसायची. कर्जाचंही तेच झालं होतं. जो फोनवर शिव्या देईल त्याला आधी पैसे.

"आणि जो ओरडतच नाही त्याला?"

ताईकडे बघायचं त्याने टाळलं.

"ताईचे आहेत थोडे," तो हळूच म्हणाला. "थोडे म्हणजे, बरेच. दुकानाचं भाडं थकलं होतं तेव्हा तिने तिचे साठवलेले आणून दिले. पण ते घरातलं झालं ना. तिने एकदाही मागितले नाहीत हो."

"तेही लिहावं लागेल."

"म्हणजे माझ्या ताईला त्या लोकांच्या रांगेत उभी करू?" त्याचा आवाज चढला.

"करा की. आजवर त्या रांगेतसुद्धा नव्हत्या."

हे त्याच्या जिव्हारी लागलं. कान तापले. तेवढ्यात ताईनेच तोंड उघडलं.

"अहो, एक विचारू? फोन नोकरीच्या ठिकाणी यायला लागले, साहेबांच्या कानावर गेलं, तर तेही तुम्ही थांबवता का?"

"आम्ही त्यांना लेखी कळवतो. बहुतेक वेळा थांबतात."

"अगं ताई, मला कुठला आलाय साहेब?" सोफेवाला दिवसभरात पहिल्यांदा हसला. "मीच साहेब आणि मीच नोकर!"

ताई हसली नाही. पर्सचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. आपल्यापायी हिलाही घोर लागला, असं वाटून त्याला भडभडून आलं. आणि मग त्याचं मन एकदम ठाम झालं. त्याने समोरचा फॉर्म बाईंकडे परत सरकवला.

"नको बाई. तुमच्या योजनेत ताईला कार्डवाल्यांच्या बरोबरीने चिमूट चिमूट मिळणार. मला ते पटत नाही. माझं मी फेडतो. पहिला पैसा ताईचा, बाकीच्यांना काय बोंबलायचं ते बोंबलू दे. दुकान बंद करायची वेळ आली तरी बेहत्तर!"

बोलून झालं आणि त्याची छाती भरून आली. कितीतरी दिवसांनी आपण कुणाचे तरी भाऊ शोभतो आहोत, असं त्याला वाटलं. तो उठला. "चल ताई."

ताई उठली नाही.

"बस खाली," ती म्हणाली. बाईंनी उचललेला फॉर्म तिने मागून घेतला आणि त्याच्यापुढे ठेवला. "गुपचूप भर हा. आणि बाई, मला एक वेगळा द्या."

"तुला? तुला कशाला?"

ताईचा आवाज इतका बारीक झाला की बाईंनाही पुढे वाकावं लागलं.

"साठवलेले कुठले रे माझ्याकडे? तुला द्यायला मीही कर्जच काढलं होतं."