उडीचं बटण

"उडी मार, उडी!" बाबा ओरडला.

टीव्हीवरचा चौकोनी माणूस खड्ड्याच्या काठापर्यंत धावत आला आणि सरळ आत पडला.

"हा ऐकतच नाही," भिंगरी म्हणाली.

"तो ऐकतो गं. जॉयस्टिक ऐकत नाहीये. आण इकडे."

जेवणाच्या टेबलावर बाबाचा पसारा होता. त्याच्या लहानपणचा, टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर, सोल्डरिंग आयर्न, तारांचे तुकडे. जॉयस्टिक भलत्याच कंपनीची, भंगारातून आणलेली. प्लग बसत होता, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा. दुपारभर खपून त्याने एकेक तार सोडवून दुसऱ्या पिनेला डाग दिला होता.

"चुकीच्या पिनेला जोडली असशील," दाराशी उभी असलेली आई म्हणाली. चूक तारांचीच निघावी, असं तिला फार वाटत होतं.

"मी? चुकीच्या?" बाबा हसला. "अगं, बटणाखाली नुसती पत्र्याची पट्टी असते. टेकली की उडी, नाही टेकली की नाही. अर्धंमुर्धं काही नाही. तुझ्या 'बघू'सारखं नाही ते."

त्याने स्क्रू काढले, पट्टी पुसली, मीटरच्या सुया लावून बटण दाबलं. मीटर लगेच पीं करून ओरडला.

"बघ, कसा कोकलतोय!"

भिंगरीने उजव्या मुठीत दांडा धरला, डावा अंगठा बटणावर ठेवला. तिचा खांदा वर गेला. जिभेचं टोक बाहेर आलं. कोपरासकट ती बटणावर रेलली.

माणूस खड्ड्यात पडला.

"पट्टी ताठ आहे." बाबाने पुन्हा स्क्रू काढले, पट्टी वाकवली. "आता नुसती फुंकर मारलीस तरी लागेल."

माणूस पुन्हा खड्ड्यात.

आई पुढे आली. तिने जॉयस्टिक घेतली आणि करंगळी बटणाला जेमतेम टेकवली. माणसाने उडी मारली. पुन्हा टेकवली. पुन्हा उडी.

बाबा टीव्हीकडेच बघत राहिला.

"सकाळी फ्रॉकची बटणंसुद्धा मला लावायला सांगितली," आई हळूच म्हणाली. "एरवी हात लावू देते का ती?"

"लाडावलीये."

"आणि काल पेला..."

"अगं, लाडावलीये ती! तुला ना, सगळीकडे आजार दिसतो. मागे तिच्या पाठीवरचा तीळ घेऊन दोन डॉक्टर पालथे घातलेस. काय निघालं? तीळ!"

तीळच निघाला होता, हे खरं होतं.

बाबाने आयर्न पुन्हा तापवलं. "ऐक, भिंगरे. उडीची तार 'वर'च्या तारेला जोडून टाकतो. दांडा वर ढकलायचा की झाली उडी. बटणाची भानगडच नको."

डाग देताना तार त्याच्या हातून दोनदा निसटली. तिसऱ्यांदा बसली.

भिंगरीने दांडा वर ढकलला. माणूस खड्ड्यावरून टुणकन पलीकडे गेला.

"बाबा, गेला! गेला पलीकडे!"

"मग! म्हटलं नव्हतं? जॉयस्टिकच वाह्यात होती." बाबाने टाळ्या वाजवल्या. जरा जास्तच जोरात.

भिंगरी एका हाताने खेळत होती. दुसरा हात तिच्या मांडीवर पडला होता, कुणीतरी तिथे ठेवून विसरल्यासारखा.

आई खुर्ची ओढून तिच्याजवळ बसली. तो हात उचलून तिने आपलं बोट त्या मुठीत दिलं.

"दाब बरं, बाळा. सगळा जोर लावून."

भिंगरीचे डोळे टीव्हीवर होते. माणूस आणखी एक खड्डा ओलांडून पुढे धावला. बाबाच्या टाळ्या थांबल्या होत्या.

"दाब ना गं."

"केव्हाचं दाबलंय, आई."