घट्ट झाकण

मातीविना, नुसत्या पाण्यावर वाढवलेल्या टोमॅटोंना फुलं आली की पोटॅश जास्त लागतं. त्या पोटॅशच्या कॅनचं झाकण नवरा इतकं आवळायचा की ती रोज करवादायची, "अहो, मी पैलवान आहे का?" आणि शेवटी त्यालाच उघडायला लावायची.

तो गेला. गेले सात महिने ती झाकण नुसतं टेकवून ठेवत होती.

आज दुपारी पहिली फळं धरलेली दिसली, म्हणून ती लगबगीने कॅनपाशी गेली. झाकण हलेना.

घरात दुसरं कोणी नव्हतं. ती बराच वेळ कॅनवर हात ठेवून बसली. मग कॅनकडे पाठ करून हळूच म्हणाली, "अहो, एवढं उघडून द्या."

मागे झाकण करकरलं.

सवयीने तिने हात मागे केला, आणि तळहातावर कोणीतरी अलगद झाकण ठेवलं.