लो टेन्शनच्या तारा
माझी बायको नलू हिच्या पहिल्या स्मृतिदिनाला आमच्या गाणाऱ्या पार्टीत डबल बास मीच वाजवणार, असं मी सांगून बसलो होतो. हे वाद्य म्हणजे माणसापेक्षा उंच व्हायोलिन. त्याच्या तारा इतक्या ताणलेल्या, की साठीतल्या माझ्या बोटांनी दबेनात. शेजारचा जहीर विजेच्या मोटारी दुरुस्त करतो. त्या वर्षी कापूस बुडाला, दिग्रसमधल्या सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यांच्या मोटारी बंद, म्हणून तो रिकामाच होता. वाद्याच्या कमी ताणाच्या, बोटांना सोप्या तारांना दुकानात लो टेन्शन म्हणतात. जहीर नागपूरला निघाला तेव्हा मी त्याला एवढंच म्हटलं, "येताना लो टेन्शनच्या तारा आण." स्मृतिदिनाच्या सकाळी तो ॲल्युमिनियमच्या तारेचं भेंडोळं खांद्यावर घेऊन हजर. "अबे, हे कायले?" "काका, लो टेन्शन! खांबापासून तुमच्या घरापर्यंत पुरते. हाय टेन्शन सांगतलं असतं, तं टॉवरच आणा लागला असता." आता दुसरा इलाज नव्हता. खुंट्या फिरवून मी जुन्याच तारा ढिल्या केल्या. बोटं टेकली, पण सूर पार खाली गेला. आमचा गायक धम्मरत्न वैतागला, "भाऊ, एवढ्या खालच्या पट्टीत रेडा गाते, माणूस नाही." तरी नलूसाठी सगळे त्याच पट्टीत गायले. ती पट्टी नेमकी माझ्या घशाला जमली. आयुष्यात पहिल्यांदा मी चारचौघांत गायलो, तेही बेसूर. कोणी मला थांबवलं नाही. थांबवणारी एकटीच होती, ती समोर हार घालून फोटोत बसली होती.