बांधायचं की सोडायचं

"वादळ दुपारी धडकणार, गुरं सोडून द्या," असं सांगत भोंग्याची गाडी गावातून गेली. शेवंताचे सासरे म्हणाले, "सोडलीस तर बिथरून समुद्राकडं पळतील. बांधूनच ठेव."

शेवंता गोठ्यात घुटमळली. मागच्या वादळात शेजाऱ्यांची बांधलेली म्हैस छपराखाली चेंगरून मेली होती आणि सोडलेला बैल सापडलाच नव्हता. शेवटी तिनं म्हातारी गाय बांधली, तरणी सोडली.

वारा पडल्यावर ती धावत गेली. छप्पर उडालं होतं. बांधलेली गाय उभी होती आणि सोडलेली तिलाच अंग टेकवून थरथरत होती.

"मग काय गो, खरं कोणाचं?" सासऱ्यांनी विचारलं.

"काय कळत नाय, मामंजी," म्हणत ती पदरानं दोघींच्या पाठी पुसू लागली.