मधली बिल्डिंग

नवा अँटेना बसवायचा, हे संपतनं ठरवूनच टाकलं होतं. महिनाभर टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसत होत्या. बातम्या बाई देतेय की बाप्या, हे आवाजावरून ओळखावं लागे. त्याची आई, सोजरबाई, तरी रोज संध्याकाळी समोर बसायची. "मुंग्या तर मुंग्या," म्हणायची, "कुनीतरी बोलतंय की घरात."

म्हणून रविवारी सकाळी रहीम अँटेनावाला लूनाला नळ्या बांधून पुण्याहून वारज्याला आला. पत्र्यावर चढून त्यानं जुना अँटेना हलवून पाहिला, वायर ओढून पाहिली आणि कपाळावर हात धरून गडाच्या दिशेला बघत राहिला.

"अहो संपतराव, अँटेना ठणठणीत आहे तुमचा."

"मग दिसत का न्हाई?"

"चित्र येतं सिंहगडावरच्या टीव्हीच्या टॉवरवरून. आणि सिंहगड आहे त्या बिल्डिंगच्या मागे."

त्या बिल्डिंगचं नाव संपतच्या घरात कुणी काढत नसे. ती त्याच्या सख्ख्या थोरल्या भावाची, हिंदुरावची. चौथ्या मजल्याचा स्लॅब टाकून महिनाच झाला होता. दोन वर्षांपूर्वी पाया खणताना हिंदुरावनं दोघांच्या बांधावरची चिंच न विचारता पाडली आणि त्या दिवसापासून भाऊ भावाशी बोलला नव्हता. वाटेत समोरासमोर आलेच तर एकजण चप्पल नीट करायला वाकायचा. आई दोन्ही घरांत जायची, पण इकडचा निरोप तिकडं न्यायची नाही. तिची तेवढी एक अट होती, आणि दोन्ही लेकांपेक्षा ती हट्टी होती.

"नवाच बसव," संपत म्हणाला. "उंच पाइप लाव."

"बसवतो की, धंदाच आहे माझा. पण चार मजल्यांपुढे पाइप किती उंच लावणार? दिसायच्या मुंग्याच. फक्त नव्या." रहीम खाली उतरला. "हाच जुना त्या गच्चीवर लावू द्या, आरशासारखं दिसेल."

"त्या गच्चीवर न्हाई."

"मग ऱ्हाऊ दे," सोजरबाई आतून म्हणाली. "मला ऐकाया येतंया, तेवढं बास हाय."

तिनं हट्ट धरला असता तर संपतला बरं वाटलं असतं. निदान भांडता आलं असतं. तो अंगणातच उभा राहिला.

"विचारायला मी जाऊ का?" रहीम म्हणाला. "माझं काही त्यांच्याशी वाकडं नाही."

संपत हो म्हणाला नाही. पण 'नाही'सुद्धा त्याच्या तोंडून निघालं नाही. रहीमनं तेवढ्यावर अँटेना सोडवून खांद्यावर टाकला आणि तो गेला.

अर्ध्या तासानं रहीम चौथ्या मजल्याच्या गच्चीवर दिसला, तेव्हा परवानगी मिळाल्याचं कळलं. वर काय बोलणं झालं, हे विचारायची सोय नव्हती. त्यानं वरून वायर सोडली, खाली येऊन ती टीव्हीला जोडली आणि पुन्हा चार मजले चढून गेला. संपत उंबऱ्यात उभा राहिला, म्हणजे एका डोळ्याला टीव्ही आणि दुसऱ्याला गच्ची.

"आलं का?" रहीमनं वरून विचारलं.

"न्हाई!"

रस्त्यानं एकामागून एक ट्रक चालले होते. रहीमनं कानाला हात लावला. संपत बेंबीच्या देठापासून ओरडला, तरी वर काही पोचेना. या कामाला एक माणूस अँटेनाशी लागतो, एक टीव्हीशी, आणि लांबचं काम असेल तर मधे एक लागतोच. तो मधला माणूसच इथं नव्हता.

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीचं दार वाजलं. हिंदुराव बनियनवर बाहेर आला. खांद्यावरचा टॉवेल त्यानं कठड्यावर वाळत घातला, तो नीट केला, परत नीट केला, आणि टॉवेलालाच सांगावं तसं म्हणाला, "आलं का, इचारतोय त्यो."

दोन वर्षांनी तो आवाज संपतच्या अंगणात पडला होता. जरा घोगरा वाटला. थंडीत त्याचा घसा धरायचाच, लहानपणापासून.

"न्हाई म्हनावं," संपत म्हणाला. "मुंग्याच हायत."

हिंदुरावनं मान वर केली. "मुंग्याच हायत म्हनतोय."

"खडकवासल्याच्या अंगाला जरा फिरव म्हनावं."

"खडकवासल्याच्या अंगाला घ्या जरा." मग खाली, "आता?"

"आवाज साफ झाला. तोंड न्हाई दिसत."

"तोंड न्हाई दिसत म्हनतोय. आता?"

"गेलं. मगाचं बरं हुतं."

"मगाचं बरं हुतं म्हनतोय. लई नगा फिरवू, वाईच मागं." हिंदुरावनं आता दोन्ही कोपरं कठड्यावर टेकली होती.

आणि मुंग्या एकदम पांगल्या. पडद्यावर एक बाई पेटीवर गात होती. तिच्या हातातल्या बांगड्या मोजता आल्या असत्या. सोजरबाई ताठ बसली.

"आता आलं का रं?" हिंदुरावनं विचारलं. या वेळी तो टॉवेलाकडं बघत नव्हता.

संपतनं पडद्याकडं पाहिलं. मग गॅलरीकडं.

"न्हाई अजून," तो म्हणाला. "थोडं ऱ्हायलंय."

सोजरबाईनं लेकाकडं एकदा बघून घेतलं. मग बसल्या जागेवरून पुढं सरकून तिनं टीव्हीचा आवाज बारीक केला.